तिसरी साक्ष

आमच्या घरी देव फार बोलायचा. शेजारच्या क्वार्टरमधला देव फोटोत शांत बसून असे, सकाळी अगरबत्ती घेई आणि दिवसभर कुणाच्या अध्यातमध्यात पडत नसे. आमच्या देवाला मात्र प्रत्येक गोष्टीवर मत होतं. बाबांनी बदली घ्यावी का, ताईनं केस कापावेत का, नाताळाला बाहेरच्या खोलीला कोणता रंग द्यावा, सगळ्यावर तो बोलायचा आणि तेही हिंदीत. आम्ही अचलपूरकडचे मराठी ख्रिस्ती. आजोबा मराठीत प्रार्थना करीत, आई पोळ्या लाटताना मराठी गीतं गुणगुणे, बाबा रेल्वेच्या ऑफिसातून आल्यावर चिडत तेही मराठीतच. पण रायपुरात देव आमच्यापर्यंत पोचायचा तो सॅमसन भाईंच्या मार्फत, आणि भाईंना मराठी येत नव्हतं. म्हणून देवालाही येत नव्हतं.

हे भाई आधी ट्रकच्या सुट्या भागांची विक्री करायचे. रायपूरलगतच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांची फिरती असे. पुढे, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एका दुपारी ट्रकखाली वाकलेले असताना त्यांना हाक ऐकू आली. त्यानंतर त्यांनी तिथंच जवळ बीरगांवात पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि दर गुरुवारी सभा सुरू केली. सभेला पंचवीस-तीस माणसं येत, बहुतेक रोलिंग मिलमधले कामगार आणि त्यांच्या बायका. एवढ्याशा शेडमध्ये भाई माइक लावून बोलत. वर पत्रा तापलेला, दारातून उरल्याची काळी धूळ आत यायची, आईच्या डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीवर बसायची, आणि भाई डोळे मिटून ओरडायचे, 'प्रभु मुझसे अभी-अभी कह रहा है.' मला लहानपणापासून एका गोष्टीचं नवल वाटे. प्रभू जे अभी-अभी सांगे, ते भाईंच्या सोयीचं कसं निघे? भाईंना उकडलं की प्रभूला पंखा हवासा वाटे. आमचा उभा पंखा तसाच गेला. सूर्य, चंद्र, समुद्र सांभाळणाऱ्या देवानं एका कारकुनाच्या घरातला एकुलता एक पंखा मागितला आणि बाबा तो सायकलच्या कॅरिअरला बांधून बीरगांवापर्यंत घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेत झोपलो.

बाबा मूर्ख नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. त्यांचं हस्ताक्षर मोत्यासारखं होतं, ऑफिसात नियमांची पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती. पण शहरातल्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जिथं आम्ही दर रविवारी जात असू, तिथं त्यांचं मन रमेना. तिथले पाळक म्हातारे आणि कंटाळवाणे होते. बाबांनी एकदा त्यांना विचारलं, देव आज आपल्याशी बोलतो की नाही? पाळकांनी चष्मा पुसत सांगितलं, जे बोलायचं ते तो बोलून चुकला आहे, ते छापलेलं आहे, तेवढं वाचा. बाबांना हे फार लागलं. नियमांच्या पुस्तकात ते दिवसभर असतच, घरी येऊन पुन्हा पुस्तकच वाचायचं? त्यांना कुणीतरी नावानं हाक मारायला हवी होती. ती हाक भाईंकडे रोज मिळे, ताजी ताजी. म्हणून आम्ही जुनी मंडळी सोडून पत्र्याखाली गेलो.

भाईंनी एक नियम घालून दिला होता आणि तो बाबांना फार पटला होता, कारण तो नियम होता. देवाचा संदेश आला की तीन तोंडांनी त्याची खात्री व्हायला हवी. पहिलं तोंड भाईंचं. दुसरं त्यांच्या बायकोचं, म्हणजे भाभीजींचं. त्यांना नेहमी भाईंना मिळालेलंच मिळे, फक्त त्यात एखादं कबूतर किंवा पांढरं फूल जास्त असे. तिसरं तोंड मात्र ज्या घराचा प्रश्न असेल त्या घरचं हवं. पंख्याच्या वेळी तिसरी साक्ष बाबांनी दिली होती. शेडमध्ये उभे राहून, मान खाली घालून ते म्हणाले होते की हो, मलाही पहाटे तेच ऐकू आलं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. माझे बाबा देवाचा आवाज ऐकतात याचा मला अभिमान वाटला होता. तो अभिमान फार टिकला नाही. अंगाला घामोळं आलं आणि माझी श्रद्धा पंख्यापाठोपाठ गेली.

आई सभेत कधी काही विशेष बोलत नसे. भाईंनी विचारलं, 'बहनजी, आपको क्या मिला?' की ती एवढंच म्हणे, 'शांती मिली.' भाई त्याचा अर्थ हो असा धरत. घरी ती रोज पहाटे, स्टोव्ह पेटवण्याआधी, ओट्याजवळ पाटावर डोळे मिटून बसे. चहाला आधण येईल एवढाच वेळ. मग उठून अंबाडीची भाजी निवडायला घेई किंवा आदल्या रात्रीच्या भाताचे वाफवलेले फरे करी, जे ती इथल्या बायकांकडून शिकली होती. त्या वेळात तिला काय ऐकू येतं, हे मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी तिला त्या सगळ्यांतलीच एक समजत होते, फक्त जरा गरीब आवाजाची.

आज ताईचा मुलगा नवा रायपूरला राहतो. रुंद रुंद रस्ते, माणसं कमी. गाडी चालवताना तो मोबाइलवर कुण्या दूरच्या शहरातला संदेष्टा ऐकत असतो. त्या संदेष्ट्यानं त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी तो 'तू, जो अभी गाड़ी में बैठा है' म्हणून त्याच्याशी थेट बोलतो. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघते. रोज सकाळी माझ्या फोनवर कुणीतरी गुलाबाचं चित्र पाठवतं, त्यावर लिहिलेलं असतं की देव आज तुम्हाला अमुक सांगतो, आणि खाली, दहा जणांना पाठवा. देवाला पोस्टमनही फुकटचे लागतात. मी ते पुसून टाकते आणि चहा करते. भाच्याला काही बोललं तर तो हसून म्हणतो, 'मौसी, आप तो खुद प्रॉफेट थीं.' हे त्याला घरात कुणीतरी सांगितलं आहे. तो चिडवतो, पण त्याला ते खरंच वाटतं.

तेच सांगायचं आहे.

कुमुदताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावी झाल्यावर तिनं एका मिशन दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता आणि तिची निवड झाल्याचं पत्र आलं. पुढच्या सोमवारी तिथं हजर व्हायचं होतं. आईनं तिच्यासाठी दोन पांढऱ्या साड्या आणून फॉल लावायला काढल्या. त्याच आठवड्यात देव भाईंशी बोलला. भाभीजींचा भाऊ राजनांदगावला होता. वय चाळिशीच्या आसपास, बायको वारलेली, दोन लहान मुलं. त्याच्या घरी भाकरी थापायला कुणी नव्हतं. देवाला ही अडचण कळली होती आणि त्यानं त्यावर कुमुदताई हा उपाय सुचवला होता. भाईंनी हे आमच्या बाहेरच्या खोलीत बसून, आईच्या हातची कचोरी खात सांगितलं. भाभीजींना ताबडतोब दर्शन झालं, त्यात ताई लाल साडीत होती आणि दोन कोकरं तिच्यामागून चालत होती. आता तिसरी साक्ष तेवढी हवी होती. बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात भाई म्हणाले, 'बेटी का मामला है, गवाही माँ देगी.' त्यांना आईच्या 'शांती मिली' ची खात्री होती. तीन दिवसांचा उपास ठरला आणि शनिवारी दुपारी शेडमध्ये सगळ्यांपुढे साक्ष द्यायचं ठरलं.

मला वाटलं होतं ताई भांडेल. ती दोन साड्यांच्या घड्या मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, सरळ नाही म्हण. ती म्हणाली, 'अन् देवानंच सांगितलं असन तं?' तिच्या आवाजात भीती होती. या माणसांनी तिला शिकवलं होतं की स्वतःला काय हवं ते ओळखता येत नाही, पण देवाला काय हवं ते मात्र बीरगांवातल्या एका माणसाला नक्की कळतं. मला तिचा राग आला. मग बाबांचा आला, मग भाईंचा, आणि शेवटी त्या देवाचा, जो एवढा बडबड्या असून कुमुदताईशी एक शब्द बोलत नव्हता. आईनं हो म्हटलं असतं तर ताई राजनांदगावला गेली असती, निमूटपणे, डोक्यावर पदर घेऊन. याबद्दल मला शंका नव्हती.

उपासाच्या दिवसांत बाबा दर दोन-तीन तासांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. 'काही आलं का?' आई मान हलवी, नाही. 'मनापासून ऐकून राहिली ना?' ती म्हणे, 'हव.' शुक्रवारी संध्याकाळी ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, की त्या दोघांना येते अन् तुले काहून नाही येत?  आईच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी उपास सुटल्यावर चाळीस माणसांना द्यायच्या खिरीसाठी ती तांदूळ निवडत होती. देवाच्या कामात भुकेल्या बाईनं रांधायचं असतं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

शनिवारी दुपारी शेडमध्ये फार माणसं होती. एखाद्या घरचं लग्न ठरणार म्हटल्यावर येतातच. आमचा पंखा भाईंच्या खुर्चीकडे तोंड करून फिरत होता. वाटाघाटीसाठी नवरा मुलगाही आला होता, खिशात कंगवा, सफारी सूट, ताईकडे न बघता छताकडे बघत होता. भाईंनी आपला संदेश सांगितला. भाभीजींनी कोकरं सांगितली. मग भाई माइक काढून आईसमोर घेऊन गेले आणि म्हणाले, 'बहनजी, आपको क्या मिला?' आई उभी राहिली. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.  तिचे ओठ हलत होते, आणि मला वाटलं, आता ते येणार, शांती मिली. ताई खाली जमिनीकडे बघत होती.

आणि मी उठले. मी डोळे मिटले, हात वर केले, सगळं अंग थरथरवलं आणि भाईंच्याच चालीत, भाईंच्याच हिंदीत ओरडले, 'मैं प्रभु बोलता हूँ. कुमुद मेरी दासी है. मैंने उसको बीमारों की सेवा के लिए अलग किया है. जो उसको रोकेगा, उसका हाथ सूखेगा.' शेवटचं वाक्य मला स्वतःलाही अनपेक्षित होतं, पण ते फार छान जमलं. मी आणखी थोडी थरथरले आणि खाली बसले.  मग एका कोपऱ्यातून बायका रडायला लागल्या, कुणी हालेलुया म्हणालं, आणि सफारी सूटवाल्यानं आपला उजवा हात खिशात घातला.

मी डोळे किलकिले करून भाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं, पण त्यांना कळायला काहीच अडचण नव्हती. पण ते बोलणार काय? मुलगी नाटक करते म्हणावं, तर ते कशावरून ओळखलं, असं लोक विचारणार. हे मला त्या घटकेला लख्ख दिसलं आणि मला इतका आनंद झाला की हसू दाबायला मी ओठ चावले. भाई माइकशिवाय म्हणाले, 'आमेन.' आईच्या हातातला माइक तसाच राहिला होता. तो कुणीतरी तिच्याकडून काढून घेतला.

निघताना दारात भाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हळूच म्हणाले, 'अच्छा बोली, बिटिया. अगले गुरुवार को आगे बैठना.' एका दुकानदारानं नवीन माणूस ठेवून घ्यावा तसं ते बोलले. लाज वाटायला हवी होती. मला गंमत वाटली.

खीर वाटून झाल्यावर शेडच्या मागच्या बाजूला आई पातेली घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, ती शाबासकी देईल म्हणून. तिनं विचारलं, 'तुले खरंच ऐकू आलं?' मी म्हटलं, 'हव.'  मग म्हणाली, 'मी बोलणार होती.' मी विचारलं, काय बोलणार होतीस, तेच नेहमीचं? ती म्हणाली, 'नाही. मले कधीच काही ऐकू नाही आलं, ते सांगणार होती. तीन दिवस तेच तोंडात घोळवून राहिली होती.' मी हसले. मी तिला म्हटलं, तुझ्यानं झालं नसतं ते, एवढ्या लोकांपुढे. ती परत राख घेऊन पातेलं घासायला लागली. पुन्हा हा विषय तिनं काढला नाही.

ताई सोमवारी गेली. ती फार चांगली नर्स झाली, पुढे मेट्रन झाली. एवढी एक गोष्ट मी अनेक वर्षं स्वतःच्या खात्यावर मांडून मिरवली. बाकीचं मी सांगत नसे. दर गुरुवारी पुढे बसायला लागले. स्वतःच्या कॉलेजचा प्रश्न मी देवाकडूनच सोडवून घेतला, एकाच संदेशात. बाबा मला आता 'बेटा' न म्हणता अदबीनं 'रजनीबाई' म्हणू लागले आणि ऑफिसला जाण्याआधी विचारू लागले की आज काही आलं का. मग एकदा बीरगांवातली एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली. मिलमध्ये ठिणगी उडून त्याचा डोळा गेला होता. दुसराही लाल झाला होता. तिनं माझे पाय धरले, मी सतरा वर्षांची, आणि म्हणाली, 'दीदी, पूछ के बता दे, ये बचही के नहीं.' तो दुसरा डोळा तरी वाचेल का, एवढंच तिला हवं होतं. मी उठून बाहेर पळाले आणि शेडमागे ओकले. परत आल्यावर सांगितलं की आवाज बंद झाला. बाबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. माझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार, म्हणून देव रुसला, असं त्यांचं मत होतं. त्या माणसाच्या डोळ्याचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

पण गोष्ट पसरली होती. कारकुनाच्या मुलीच्या तोंडून प्रभू बोलला, ही साक्ष भाई पुढची कितीतरी वर्षं सांगत राहिले. शेड पाडून तिथं हॉल झाला. बाबांनी त्यानंतर कधी शंका घेतली नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं होतं. आणि आई प्रत्येक गुरुवारी त्यांच्यासोबत जात राहिली, ओढणी घेऊन, डोळे मिटून. मी दुसऱ्या गावी नोकरीला गेले आणि या सगळ्या माणसांना मनसोक्त हसत राहिले. हसायला माझ्याकडे भरपूर होतं.

बाबा गेले त्या वर्षी ते ताईकडे होते. खाट खिडकीशी लावली होती. एका दुपारी ताई औषध आणायला गेली होती, आई खाली बसून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती. बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, 'रजनी, तुझ्याशी बोलायचा तो. एकदा विचार ना. मले नेते का नाही, एवढंच.' त्यांच्या डोळ्यांत त्या बीरगांवातल्या बाईची नजर होती. मी साठीला आलेली बाई, आयुष्यभर या लोकांची टिंगल केलेली, आणि माझ्या जिभेवर भाईंच्या हिंदीतली दोन वाक्यं तयार होती. मी ती म्हणणारही होते.

'नको विचारू तिले,' आई खालून म्हणाली. तिनं शेंग खाली ठेवली नाही. 'तिले नव्हतं ऐकू आलं. मले बी कधी नाही आलं. एकदा बी नाही.'

बाबांनी मान तिच्याकडे वळवली.  'मंग रोज पहाटे डोळे मिटून काय करे तू?'

'बसत होती,' आई म्हणाली. 'माह्या मनातलं सांगत होती अन् बसत होती. तो ऐकते का नाही, ते त्याचं त्याले माहीत.'

मला वाटलं ते रडतील किंवा रागावतील.  पण ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, 'मले बी नाही आलं वं कधी. सगळ्यांले येते अन् मलेच येत नाही, असं वाटे. म्हणून जात होतो.'

'अन् पंख्याच्या वेळी?' आईनं विचारलं.

'पंख्याच्या वेळी बी नाही.'

आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसली, आणि बाबाही खोकत खोकत हसले. मग ती उठून त्यांच्या खाटेवर बसली आणि दोघं नुसतेच बसून राहिले. मी तिथं उभी होते. हे बोलणं त्या शनिवारी संध्याकाळीच, पातेली घासून झाल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात झालं असतं. माइक तिच्या हातात होता. ती बोलणारच होती.